चौथ्या खाचेपर्यंत पाणी

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो. भरीव बांबूची, साडेचार फुटांची. पूर्वी सहा फुटांची होते. माझ्या अंगावर वीत-वीत अंतरावर सात खाचा होत्या. खालून मोजायच्या. वरच्या दोन आता उरल्या नाहीत.

आत्मवृत्तात आधी जन्म येतो, मग कौतुक, मग अडगळ. माझे तसे ओळीने येणार नाही. मला पाण्यासारखेच सांगता येते, खाचेखाचेने.

सातवी खाच

नाही. कापली.

सहावी खाच

तीही नाही. तलाव काठोकाठ भरे त्या वर्षांच्या या खाचा होत्या. लोक पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, नारळ फोडत आणि त्याचे पाणी माझ्या डोक्यावर शिंपडत, एवढेच आठवते. बाकीचे त्या तुकड्याबरोबर गेले.

पाचवी खाच

साकोलीजवळच्या एका गावाचा तलाव. त्याच्या पाळीत तुडूम आहे, म्हणजे बांध्यांना, धानाच्या वाफ्यांना, पाणी सोडायचे दगडी तोंड. तुडुमाच्या तिसऱ्या पायरीवर मला उभे करायचे आणि पाणी कोणत्या खाचेला लागले ते पाहायचे. हे काम ताराचंदचे. माझ्या खाचा त्यानेच कोयत्याने पाडल्या, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

दसरा झाला की धान पोटरीत येते आणि सगळ्यांनाच पाणी हवे असते. गाव पाळीवर जमायचे. ताराचंद मला पायरीवर टेकवायचा, डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "एकवीस दिवस पुरते. आधी शेपटाकडच्या बांध्या, मंग जवळच्या." शेपटाकडच्या म्हणजे अगदी टोकाच्या. पाटाला जवळ असलेल्यांनी आधी घेतले तर तिथे थेंब पोचत नाही. जवळचे लोक कुरकुरायचे, पण थांबायचे. एकेचाळीस वर्षे थांबले. एकदाही पाणी एकविसाऐवजी अठरा दिवसांत संपले नाही.

माझी किंमत माझ्यात नव्हती, मित्रांनो. ताराचंद जे बोले त्यात होती. तो दुसरे काही फारसे बोलतच नसे.

आता करवत. ताराचंदचा मुलगा प्रविण जवाहरनगरला फॅक्टरीत आहे, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतो. त्याच्या लग्नाला पंधरा वर्षे झाली म्हणून त्याने मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या बोटीची सहल ठरवली. सुनेने, टीनाने, सासऱ्यालाही न्यायचे ठरवले. "मामाजी, एकदा समुद्र तर पाहून घ्या!" ताराचंद म्हणाला, काठी येईल तर मी येईन.

"बाबा, हे काठी होय का खांब? रेल्वेत कुठं ठेवू?"

"वरून काप. खालून बोटभरही हात नोको लावू."

प्रविणने वरून कापले. ते दोन खाचांचे लाकूड त्या दिवशी चुलीत गेले.

चौथी खाच

बोटीवर माझ्या अंगाला पाणी लागले नाही, तरी ही खाच इथे सांगते, कारण ताराचंद तेव्हा असाच होता, थोडा उतरलेला. जेवणाच्या हॉलमध्ये तो ताट हातात घेऊन उभा राही आणि प्रविण दबक्या आवाजात म्हणे, "बाबा, रांग इकडं आहे. लोक पाहून राहिले." तीन दिवसांत त्याला कोणी काही विचारले नाही. नात रुचिका तेवढी त्याच्याजवळ कठड्याशी उभी राही. ती बारा वर्षांची.

"रुचू, याची पाळ कुठं आहे?"

"आबाजी, समुद्राले पाळ नसते."

"मंग पाणी थांबते कसं?"

रुचिका खूप हसली आणि आईला सांगायला पळाली. उत्तर राहून गेले.

तिसरी खाच

तिसऱ्या दिवशी बोट दक्षिणेच्या एका बंदराला लागली. चार वाजता सुटणार होती. बसने सगळ्यांना किनाऱ्यावर नेले. समोर समुद्रात मोठा काळा खडक, त्यावर पांढरे दीपगृह. किनाऱ्यापासून खडकापर्यंत दगडांची वाट होती आणि ती पाण्याखाली होती. दहा वाजले होते. लोक पाणी उतरायची वाट पाहत उभे होते. वाटेच्या तोंडाशी पाटी होती, तिच्यावर भरती-ओहोटीच्या वेळा लिहिल्या होत्या. पाटीला टेकून टीनाने सात फोटो काढले. वेळा तिच्या पाठीमागे झाकल्या गेल्या.

"गाइड बसमध्ये काय सांगत होता हो?" टीनाने विचारले.

"मी कुठं ऐकलं? मी फोनवर होतो." प्रविणला मग गंमत सुचली. "बाबा, तुम्ही सांगा ना! तलावाचे साहेब ना तुम्ही? पाहा बरं, जाऊ का नाही?"

त्याने ते गमतीत म्हटले. ताराचंदने ते गमतीत घेतले नाही. तीन दिवसांनी कोणीतरी त्याला त्याच्या कामाचे विचारले होते. त्याने धोतर खोचले, वाटेच्या कडेच्या एका दगडावर मला उभे केले आणि थांबला. पाणी तिसऱ्या खाचेला होते. ते खारट होते, मित्रांनो. माझ्या खाचांत ते झोंबले. मला वाटले, हे पाणी माझ्या ओळखीचे नाही. पण काठीला कोण विचारतो, आणि विचारले तरी काठी सांगते किती?

पहिली खाच

तासाभरात दोन खाचा उतरले. दगडी वाट उघडी पडली. लोक निघाले.

ताराचंद ताठ उभा राहून, पाळीवर बोलायचा त्याच आवाजात म्हणाला, "पाणी उतरून राहिलं. पाऊस नाही, कोठून आवक नाही. आता काही चढत नाही. जा बिनधास्त, आरामानं या."

चूक एवढीच होती. तलावातून गेलेले पाणी पुढचा पावसाळा येईतो परत येत नाही. एकेचाळीस वर्षांत एकदाही आले नव्हते.

"चला, साहेबांची परमिशन भेटली," प्रविण म्हणाला. तिघे गेले. ताराचंदचे गुडघे दुखत, म्हणून तो राहिला. मी त्याच दगडावर उभी होते, त्याचा हात माझ्यावर.

दुसरी खाच

एक वाजला. पाणी वर आले.

ताराचंदने वाकून पाहिले, बोटाने खाच चाचपली. आभाळाकडे पाहिले. आभाळ कोरडे होते.

तिसरी खाच, पुन्हा

दोन वाजता वाट दिसेनाशी झाली. बाकीचे प्रवासी केव्हाच परतून बसकडे गेले होते. दीपगृहाच्या गच्चीवर रुचिकाची पिवळी ओढणी उडत होती.

"कोनं सोडलं?" ताराचंद ओरडला. "अरे, कोनं सोडलं पाणी?" तो किनाऱ्यावरच्या माणसांना हात जोडून सांगू लागला, "बंद करा जी, माही नात आहे तिकडं!" त्यांना त्याची भाषा येत नव्हती. एकाने त्याला प्यायच्या पाण्याची बाटली दिली.

चौथी, पाचवी

आणि पाचवीच्या वर. तिथे मोजायला काही शिल्लक नव्हते. मला टेकत टेकत तो आत शिरला. छातीएवढ्या पाण्यात लाटेने त्याला पाडले. मी सुटले नाही, कारण त्याने मला सोडले नाही. कोळ्यांनी दोघांना ओढून काढले. मग त्यांनीच होडी नेऊन खडकावरच्या तिघांना आणले. पावणेपाच वाजले होते. बस नव्हती. लांब समुद्रात आमची बोट जात होती. सामान तिच्यावर होते.

प्रविणने पाटी तेव्हा वाचली. वाचून तिच्याकडे पाठ केली.

"एकेचाळीस वर्षं गावाले काय सांगत होते हो तुम्ही? असंच?"

"राहू द्या ना," टीना म्हणाली.

"काय राहू द्या? पोरगी गेली असती आज! यांच्या भरोशावर गाव धान पिकवते!"

रुचिका आईला धरून उभी होती. ती आजोबांजवळ गेली नाही. ताराचंदच्या अंगातून पाणी गळत होते. गाइडचे न ऐकणे, पाटीला टेकून काढलेले फोटो, या सगळ्याचा दोष त्या एका संध्याकाळी माझ्या पाच खाचांत भरला गेला.

कोरडी

परतल्यावर प्रविणने ही गोष्ट फॅक्टरीच्या बसमध्ये सांगितली. लोक हसले. मग साकोलीला एका बारशात सांगितली. दर वेळी ती जास्त चांगली होत गेली. शेवटी तिच्यात ताराचंद समुद्राला "थांब रे" म्हणायचा. ताराचंद आणि मी अजून प्रविणच्या क्वार्टरवरच होतो; गोष्ट आमच्या आधी पाळीवर पोचली.

चौथी खाच, तलावात

दसरा झाला. गाव जमले. ताराचंदने मला तिसऱ्या पायरीवर उभे केले. पाणी बरोबर चौथ्या खाचेला लागले. गोडे पाणी. माझ्या ओळखीचे. एकोणीस दिवस, आधी शेपूट. मला माहीत होते. त्यालाही माहीत होते, कारण त्याचा अंगठा चौथ्या खाचेवर दोनदा फिरला.

"सांगा जी, ताराचंदजी," श्यामराव म्हणाला. त्याच्या बांध्या तुडुमाला लागून. "पण नीट पाहून सांगा. तिकडून समुद्र तर नाही ना येत?"

सगळी पाळ हसली. वाईट मनाने हसली असे मी म्हणत नाही. पण हसली.

ताराचंदने अंगठा काढला.

"मले नाही समजत जी," तो म्हणाला. "तुमीच पाहा."

"मोबाइलवर पाऊस दाखवते पुढच्या हप्त्यात," श्यामराव म्हणाला. तुडूम पूर्ण उघडले. जवळच्या बांध्यांनी आधी घेतले. पाऊस आला नाही.

पहिली खाच, तलावात

बाराव्या दिवशी पाणी इथे होते. तेराव्या दिवशी गाळ.

शेपटाकडे आनंदाबाईच्या दोन बांध्या. ती एक लोंब तोडून पाळीवर आली. तिने ताराचंदसमोर नखाने दाणा दाबला. आत दूध नव्हते.

"भाऊजी, त्या दिवशी तुमाले समजलं होतं ना?"

ताराचंदने मान हलवली. हो.

"मंग बोलले काहून नाही?"

त्याने तिच्या हातातली लोंब घेतली. ती म्हणाली, "लोक हसले म्हणून? आन् मी? मी त हसली नव्हती जी."

मित्रांनो, काठीला तेल लावा, उन्हात टाकू नका, असे सांगायची माझी पाळी आहे. ते राहू द्या. परक्या पाण्यावर चुकलेल्या माणसाला त्या पाण्याबद्दल हवे तेवढे बोला. त्याच्या घरच्या पाण्यावर त्याला गप्प करू नका. आणि ज्याला कळते त्याने, लोक हसले तरी, बोलावे. हे मी तुम्हाला सांगते आहे. त्याला सांगता आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदाबाईने उभ्या धानात बैल सोडले. ताराचंद तिच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या कडेला, जाऊन उभा राहिला, रिकाम्या हातांनी. तिने त्याला जा म्हटले नाही आणि बस म्हटले नाही. बैल खात होते. मी तुडुमाच्या पायरीवर उभी होते आणि माझ्या एकाही खाचेला पाणी नव्हते.