न्हाऊमायचा हात

भुतांचा सिनेमा टीव्हीवर लागला की तेजलचे पप्पा, रतन साळवे, कूस बदलून झोपायचे. "मेलेल्या माणसाला एवढी धावपळ करायला वेळ कुठं असतो?" असं वर म्हणायचे. ते म्हणायचे ते खरंच असणार. महापालिकेच्या हॉस्पिटलातल्या शवागारात त्यांची नोकरी, तीही सव्वीस वर्षांची.

म्हणून 'विहिरीतलं गाव'चे तीन पास घरी आणताना तेजलच्या मनात फक्त मम्मी होती. तेजल अंधेरीतल्या एका साउंड स्टुडिओत कामाला. त्या सिनेमाचे आवाज तिथेच झाले होते: चिखलातली पावलं, खेकड्यांची खसखस, विहिरीत पडणारे थेंब. सिनेमा होता बाहुल्यांचा. वीतभर उंचीच्या बाहुल्या हाताने केसभर हलवायच्या, फोटो काढायचा, परत केसभर हलवायच्या, परत फोटो. असे चोवीस फोटो काढले की पडद्यावर एक सेकंद होतो. भाविका नावाची एक मुलगी आणि तिची चार माणसं पाच वर्षं एका गाळ्यात बसून हे करत होती.

गोष्ट अशी, की ठकू नावाची पोर हरवलेल्या आजीला शोधत विहिरीत उतरते. तळाशी मेलेल्यांचं गाव असतं. तिथल्या लोकांना डोळ्यांच्या जागी कवड्या, आणि रस्त्यावर दिव्याच्या खांबाऐवजी पाठीवर वात पेटवलेले खेकडे फिरतात. गावाच्या वेशीवर न्हाऊमाय बसलेली असते. पांढरे केस जमिनीवर लोळतात, हात गुडघ्याच्या खाली पोचतात. ती पहिल्यांदा अंधारातून पुढे सरकली तेव्हा थिएटरातली पोरं किंचाळली, आणि मम्मीने, म्हणजे द्रौपदीने, तेजलच्या दंडात नखं रुतवली.

पण न्हाऊमाय काही कुणाला खात नव्हती. नवीन मेलेलं माणूस आलं की ती त्याच्या डोक्याखाली तळवा घालायची, ओल्या फडक्याने तोंड पुसायची, केस विंचरायची आणि विचारायची, "नाव काय रे तुझं, बाळा?" मगच त्याला गावात सोडायची.

तेजलने सहज बाजूला बघितलं तर पप्पा खुर्चीत ताठ बसलेले. हातातला पॉपकॉर्नचा पुडा तिरका होऊन अर्धा खाली सांडला होता, त्याचाही पत्ता नाही.

बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "म्हातारी बरोबर करते."

आणि मग वेडच लागलं. पप्पांची सुट्टी गुरुवारी. पुढच्या गुरुवारी ते एकटेच घाटकोपरला जाऊन दुपारचा शो बघून आले. त्याच्या पुढच्या गुरुवारी तिथून सिनेमा उतरला, तर मुलुंडला गेले. एकूण पाच वेळा बघितला. चहावाल्याला सांगितला, वॉर्डातल्या सिस्टरला सांगितला, पंचनाम्याला येणाऱ्या हवालदारालाही सोडलं नाही. हवालदार म्हणाला, "साळवे, दिवसभर तेच बघता, परत तिकीट काढून तेच?" त्यावर पप्पा म्हणाले, "तेच कुठं? तिथं सगळे उठून बसतात ना!" हे त्यांनी घरी येऊन स्वतःच सांगितलं आणि स्वतःच हसले.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण त्यांनी मेडिकलमधून प्लास्टरची पट्टी आणली, हार्डवेअरवाल्याकडून तांब्याची तार आणली, आणि गोवंडीच्या त्या दहा बाय पंधराच्या खोलीत न्हाऊमाय तयार झाली. केस कापसाचे. हात लांब. तिचा मुक्काम फ्रिजवर.

"सकाळी दूध काढायला जावं तर ही बया डोळे वटारून बघते," मम्मी करवादली. "हिला तिकडं तोंड करून ठेवा."

"अगं, तिला डोळेच नाहीत अजून."

"म्हणून तर!"

तेजलच्या जुन्या मोबाइलवर पप्पांनी एक ॲप घालून घेतलं आणि तीन गुरुवार खपून अकरा सेकंदांचा सिनेमा केला. न्हाऊमाय हात वर करते आणि खाली घेते, बास. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. जालन्याच्या शकुआत्याचा तेवढा मेसेज आला: "छान आहे दादा. कुणाची म्हातारी?"

तेजलला हसू यायचं, कौतुकही वाटायचं. पण ऑफिसात यातलं काही ती बोलली नव्हती. पप्पांचं ती तिथे बोलतच नसे. कुणी विचारलं तर "हॉस्पिटलात आहेत, रेकॉर्ड खात्यात," एवढंच सांगायची. दहावीत असताना एका मैत्रिणीच्या आईने पप्पांची नोकरी कळल्यावर तेजलचा पाण्याचा ग्लास चिमटीत धरून बाहेरच्या मोरीत नेऊन ठेवला होता. त्या दिवसापासून पप्पा रेकॉर्ड खात्यात गेले ते गेलेच. पप्पांना हे माहीत होतं. एकदा तिला फोनवर तसं सांगताना त्यांनी ऐकलं होतं.

एप्रिलमध्ये भाविकाने सिनेमातल्या बाहुल्यांचं प्रदर्शन लावलं. अंधेरीत, तेजलच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत. तेजलने घरी सांगितलं नाही. पण पप्पा इन्स्टाग्रामवर सिनेमाचं पान रोज उघडायचे, त्यांना कळायचं ते कळलंच.

"तेजू! तुझ्या ऑफिसच्या पाठीमागंच आहे की! शनिवारी न्हाऊमाय बघायला मिळणार!"

तेजल ताट घासत होती. घासलेलंच परत घासत राहिली. ऑफिसातले सगळे असणार होते तिथे.

पप्पांनी मोबाइल खिशात घातला. मग हळूच म्हणाले, "मी नुसतं बघेन. बोलणार काही नाही."

ते ऐकून तिला ओरडाच बसला असता तर बरं, असं झालं. "चला ना," ती म्हणाली. "मी कुठं नको म्हटलं?"

शनिवारी रजा टाकून पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. घाटकोपरपर्यंत बस, तिथून मेट्रो. वाटेत ते खरोखर गप्प होते, जणू आत्तापासूनच सवय करत होते.

गाळ्यात टेबलांवर सगळं विहिरीतलं गाव मांडलं होतं. शेवाळाच्या भिंती, कुडाची घरं, खेकडे. तेजलबरोबर काम करणारा प्रितम दारातच भेटला. "काका, नमस्कार! तेजल काय बोलली नाही, तुम्ही येणार आहात म्हणून." पप्पा नुसतं हसले, आणि हात पाठीमागे बांधून टेबलांकडे गेले.

न्हाऊमाय शेवटच्या टेबलावर होती. पप्पा तिच्यासमोर वाकले ते वाकलेच. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. शेवटी भाविकाच त्यांच्याजवळ आली. बारीक चणीची, तिशीतली, बोटांना रंग लागलेला.

"काका, आवडली का?"

"पाच वेळा बघितला."

"पाच? माझ्या आईने दोनदाच बघितलाय, तोही मी शेजारी बसले म्हणून."

झालं, बांध फुटला. फडकं ओलं कसं दाखवलं? ग्लिसरीन लावून. खेकड्यांची वात हलते कशी? दर फोटोला नवीन वात. कवड्या खऱ्या का? खऱ्या, अलिबागहून आणलेल्या. पप्पा विचारत होते, भाविका सांगत होती, आणि दोघांचेही हात हवेत चालले होते. प्रितम आणि ऑफिसातली दोघं-तिघं गोळा झाली. तेजल जरा मागे उभी होती.

"एक सांगू का, मॅडम? रागावू नका."

"सांगा ना."

"म्हातारी डोक्याखाली हात घालते, ते एकदम बरोबर. पण तिचं मनगट वाकत नाही. डोकं लई जड असतं. जिवंत माणूस आपली मान आपणच धरून असतो, म्हणून आपल्याला वजन कळत नाही. पण मेलेल्याचं डोकं—"

ते थांबले. मान वळवून त्यांनी तेजलकडे बघितलं.

"मी तान्ह्या बाळाला आंघोळ घालतात ते बघून केलं होतं," भाविका म्हणाली. "पण काका, तुम्हाला हे कसं माहीत?"

"असंच. ऐकलंय कुठंतरी," पप्पा म्हणाले, आणि परत टेबलाकडे वळले.

पप्पांना खोटं बोलता येत नसे. आवाज पडायचा, कान लाल व्हायचे. आत्ताही झाले. त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाची पाठ बघत तेजल उभी राहिली. सव्वीस वर्षांत या माणसाने आपलं काम कुणापासून लपवलं नव्हतं. आज लपवलं.

"पप्पा मॉर्चरीत असतात," ती म्हणाली. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "सव्वीस वर्षं."

प्रितम म्हणाला, "तू तर रेकॉर्ड खात्यात म्हणाली होतीस ना?"

"खोटं सांगितलं होतं मी."

भाविकाचं या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. तिने बाजूचं बाकडं ओढलं, वरचे रंगाचे डबे खाली ठेवले. "काका, मला दाखवाल? म्हणजे, कसं धरता ते?"

"कुणाला धरू?"

सगळ्यांनी प्रितमकडे बघितलं. "मीच का यार?" म्हणत तो आडवा झाला आणि पहिल्यांदा खिदळायला लागला. "काका, गुदगुल्या नका करू हां."

पप्पा हसले नाहीत. त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. बाकड्याच्या डोक्याशी गेले, थोडे वाकले, आणि उजवा तळवा प्रितमच्या मानेच्या वर, कवटीला जिथे खोलगट असतं तिथे घातला. "मान सोड," ते म्हणाले. "मी धरलंय." त्यांचं मनगट किंचित खाली गेलं, आणि सावरलं. डाव्या हाताने त्यांनी खिशातला रुमाल काढला. कपाळ, डोळ्यांचे कोपरे, नाकाच्या बाजू, मग हनुवटी. घाई नाही, पण रेंगाळणंही नाही. कानामागून रुमाल फिरवला. मग बोटांनी केस एका बाजूला लावले.

प्रितमचं खिदळणं कधी थांबलं ते कुणाला कळलंच नाही.

"भांग कुठून पाडायचा ते आधी बघायचं," पप्पा सांगत होते. "केसांना सवय असते. चुकीच्या बाजूला पाडला तर घरच्यांना ते आपलं माणूस वाटत नाही. बाहेर बसलेले असतात ना बिचारे. आधीच त्यांना धड दिसत नसतं."

"हे ड्यूटीत असतं, काका?" भाविकाने विचारलं.

"नाही. ड्यूटीत फक्त नंबर बघून बॉडी द्यायची. हे आपलं असंच."

तेजलने आजवर हे कधी बघितलं नव्हतं. घरी आल्यावर पप्पा आधी आंघोळ करायचे, मग चहा घ्यायचे, आणि कामाचा विषय बंद. त्या दाराआड काय असेल याचा तिने जो विचार केला होता, त्यात फिनेलचा वास होता, स्टीलचे ट्रे होते. भांग नव्हता.

प्रितम उठून बसला. डोळे चोळले. "काका, मला खरंच झोप लागत होती," तो म्हणाला, आणि उगाच केसांवरून हात फिरवून भांग तसाच आहे का ते बघितलं.

भाविका न्हाऊमायचं मनगट निरखत होती. "सिनेमा तर आता बदलता येणार नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा जरा पडलाच होता. पाच वर्षांचं काम, त्यात राहिलेली चूक, आणि तीही आता दिसायला लागलेली.

पप्पांना वाईट वाटलं. "अहो, राहू द्या! म्हातारी विहिरीतली आहे. पाण्यात वजन कमी लागतं."

तेव्हा कुठे भाविका हसली. "पण पुढच्या सिनेमात मी तुम्हाला सोडणार नाही. नंबर द्या तुमचा."

परतताना पप्पांनी मेट्रोच्या जिन्याखाली दोन लिंबू सरबतं घेतली. तेजलने अर्धा ग्लास संपवला आणि विचारलं, "तुम्ही त्यांच्याशी बोलता?"

"कुणाशी?"

"तिथे. त्यांच्याशी."

"थोडं. नाव घेऊन हाक मारतो. चिठ्ठीवर असतं ना. बेवारस असला तर दादा नाहीतर ताई." त्यांनी ग्लास परत दिला. "तू उगाच सगळ्यांसमोर बोललीस. उद्या तुला कोण काही म्हणालं तर?"

"म्हणू दे," ती म्हणाली. सोमवारची धास्ती तिला होतीच, पण तो सोमवारचा प्रश्न होता. "पप्पा, मला आधी सांगायला पाहिजे होतं. मी लपवायला नको होतं."

"मी कुठं तुला कधी जाब विचारला?" पप्पा म्हणाले, आणि मेट्रो येईपर्यंत खेकड्यांबद्दल बोलत राहिले.

सोमवारी ऑफिसात दोघांनी खोदून खोदून विचारलं, एकीने तोंड वाकडं केलं, आणि प्रितमने सगळ्या फ्लोअरला आपण कसं मरून परत आलो ते सांगितलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत विषय संपला.

पुढच्या आठवड्यात भाविकाचा मेसेज आला. नवीन सिनेमासाठी काकांच्या हातांचा व्हिडिओ मिळेल का? बाजूने, जवळून, सावकाश.

गुरुवारी दुपारी खोलीतला पलंग खिडकीपाशी ओढला. प्रश्न एवढाच, की आडवं कोण होणार.

"मी नाही हां," मम्मी म्हणाली. "मेल्याचं सोंग मी करायची नाही. आधीच सांगते."

"सोंग नको करू गं. नुसती पड."

"डोळे उघडे ठेवीन."

"ठेव."

मम्मी कुरकुरत आडवी झाली. पप्पांनी तळवा तिच्या डोक्याखाली घातला. तेजल मोबाइल धरून गुडघ्यावर बसली. पप्पांनी ओल्या फडक्याने मम्मीचं कपाळ पुसलं, डोळ्यांचे कोपरे पुसले, मग फणी घेतली. मधला भांग, कानाच्या वर थोडे पांढरे. फणी हळूहळू खाली आली. मम्मीचे डोळे मिटले.

"झालं, मिळालं," तेजल म्हणाली.

पप्पा हात काढायला लागले, तर मम्मीने डोळे न उघडताच त्यांचं मनगट धरलं. "कुठं झालं? त्या लोकांचे एवढे विंचरता रोज, सव्वीस वर्षांत माझे कधी विंचरलेत? चला, मागचे राहिलेत."

पप्पांनी तेजलकडे बघितलं. तेजलने मोबाइल परत वर धरला.