नवसाची पोर

आपली लेक दामिनी मार्कंडादेवाच्या नवसाची, हे प्रेमिलाबाईंनी अख्ख्या गावाला ऐकवलं होतं. त्यामुळे नव्याण्णव साली आरमोरीच्या दवाखान्यात दामिनीला तपासून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ही पोटात असताना गर्भ टिकायच्या गोळ्या घेतल्या होत्या का?" तेव्हा दामिनीच फणकारली, "मी तं नवसाची! गोळ्या कायच्या?"

प्रेमिलाबाई खाली बघू लागल्या. आधीचे गर्भ पडले, म्हणून नागपूरच्या डॉक्टरच्या गोळ्या त्यांनी सासूपासून लपवून खाल्ल्या होत्या.

"नवसबी केला, गोळ्याबी खाल्ल्या," त्या अखेर बोलल्या.

"बरं झालं सांगितलंत. त्या काळच्या काही गोळ्यांमुळे अशा मुलींना पुढे क्वचित गर्भपिशवीच्या तोंडाशी कॅन्सर होऊ शकतो; पण दरवर्षी तपासलं तर वेळेत सापडतो."

पंधरवड्यानं रिपोर्ट आला. काहीच वाईट निघालं नव्हतं. दामिनी हरखून म्हणाली, "आता दरवर्षी कायले याचं, माय?"

प्रेमिलाबाई भर दवाखान्यात कडाडल्या, "काऊन नाई याचं? तू झाली, देव पावला, म्हून मार्कंड्याची जत्रा सोडली का म्या?"