माझा सूर ढळला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. जुना आहे, मोडका नाही. हे आधीच सांगतो, कारण माझ्याविषयी तसे बोलले गेले आहे.

अलेक्झांड्रियात मी इन्शिराहबाईंच्या घरी राहतो. माझ्या पोटातली छोटी मोटर एका रबरी पट्ट्याने माझी जड तबकडी फिरवते. इन्शिराहबाई गाणे शिकवत. त्यांची धाकटी बहीण नवाल लग्नकार्यांत गायची. तिची एकच रेकॉर्ड निघाली, ती मी वर्षानुवर्षे वाजवली. पुढे नवाल वारली. बाईंना तिची रेकॉर्ड ऐकवेना, म्हणून मला कपाटावर चढवले. तिथे धूळ खात मी राहिलो.

मग नवालच्या मुलीचे, रावियाचे लग्न ठरले. मेंदीला तिला आईचा आवाज हवा होता. इन्शिराहबाईंचा मुलगा वगदी याने मला खाली उतरवले, तेलपाणी केले आणि सुरू केले. नवालचा आवाज मध्येच खाली बसला, पुन्हा वर आला. राविया उठून आत गेली. वगदीने नवा पट्टा आणून घातला, तरी तेच.

"आई, याचं संपलं," तो म्हणाला. "खाली भंगारवाला आलाय, देऊन टाकू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फिरत्या माणसाला कुणी मेलेला म्हणते का?

"आधी मला ऐकू दे," इन्शिराहबाई म्हणाल्या आणि डोळे मिटून बसल्या. रेकॉर्डचे भोक मधोमध नसते, तर सूर प्रत्येक फेऱ्यात सारखाच हलला असता. तबकडी ज्यावर फिरते त्या आसातले तेल सुकले असते, तर मी आधी रेंगाळलो असतो आणि तापल्यावर सुधारलो असतो. इथे सूर कुठेही निसटत होता, म्हणजे पट्टाच घसरत होता. त्यांनी तबकडी उचलली आणि मोटरच्या पितळी चाकावर बोट फिरवले. बोट तेलकट झाले.

"लेकरा, इथेही तेल घातलंस?"

"जुनं आहे ना, म्हणून सगळीकडेच घातलं."

"अरे, तेल आसाला घालायचं. चाकच निसरडं केलंस, तर पट्ट्याला पकड मिळणार कशी?"

वगदी खजील होऊन हसला. दोघांनी स्पिरिटने चाक, पट्टा, तबकडीची कड पुसली. मी फिरलो. नवालचा आवाज ताठ उभा राहिला. राविया दारात आली.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "आई श्वास घेते तोही ऐकू येतोय."

मित्रांनो, मी दयेची भीक मागत नाही, बजावतो. आमचा सूर ढळला, तर आधी कान द्या. पट्टा पाहा, चाक पाहा, आस पाहा. एवढे करूनही आम्ही फिरलो नाही, तर खुशाल भंगारात न्या. तोवर मला हात लावायचा, तो रेकॉर्ड ठेवण्यासाठीच.