देवाच्या गाडग्यातला गहू

तांबेऱ्याचा रोग न पडणारा गहू म्हंजे सोनं, असं म्हणाल तुमी. आमच्या रानात या, मग बोला.

माझी धाकटी बहीण पल्लवी गव्हाच्या संशोधनात हाय. त्यांनी रानगवताच्या गुणसूत्राचा तुकडा गव्हात घातला, तांबेऱ्याला दाद न देणारा. तसला थोडा गहू ती आष्ट्याला घरी घेऊन आली. निघताना आयनं, हरणाबाईनं, हाताला लागला त्यो, तिनंच आणल्याला गहू घेऊन लेकीची ओटी भरली. माहेर रितं ऱ्हाऊ नये म्हणून ओटीतली चिमूट लेकीनं माघारी टाकायची, ही आमची रीत. पल्लवीनं टाकली, ती नेमकी बियाण्याच्या कणगीत. एवढी शिकल्याली, पर डोळ्यांत पाणी, बघतंय कोण?

पुढं सालोसाल घरच्या गव्हाच्या ओंब्या अर्ध्या पोकळ निघाय लागल्या. तांबेरा मात्र औषधालाबी न्हाई. रान इतकं हिरवंगार, की बघून अंगावर काटा यायचा.

पल्लवीनं येऊन ओंबी चोळली आन बांधावर मटकन बसली.

"दादा, ह्यो तोच तुकडा. आमी तिकडं कवाच बंद केला. ज्या दाण्यात ह्यो तुकडा जात न्हाई, त्या दाण्याला ह्यो ओंबीतच मारतो. मागं उरतं ते समदं ह्याचंच बी."

"आगं, गहू हाय का भूत?"

आय रडाय लागली. "माझ्या हातानं घरच्या गव्हाचा वंश बुडाला रं!" मग एकदम उठली आन देव्हाऱ्यातलं गाडगं घेऊन आली. "ह्यात माझ्या सासूनं भरल्याला गहू हाय."

पल्लवीनं झाडून सगळे दाणे कुंडीत लावले. कोंब आल्यावर तांबेऱ्याची भुकटी शिंपडली. "घरचा असंल तर पानावर तांबडे ठिपके येतील."

जन्मभर तांबेऱ्याला शिव्या घातल्या मी. आता आय रोज सकाळी कुंडीपुढं हात जोडायची, "पड की रं बाबा एकदाचा!" मीबी मनात तेच म्हणायचो.

पानं वाढली. लुसलुशीत. एक ठिपका न्हाई.

"आय," पल्लवीनं हळूच विचारलं, "गाडग्यात नवं काय टाकलंवतंस?"

"देवाचं गाडगं रितं ठेवू नये, म्हणून दर पाडव्याला मूठभर नवा गहू टाकते की."

मी माती उकरली. आयच्या सासूचे दाणे खाली तसेच, काळे पडलेले. ते कवाच मेले होते. उगवला होता त्यो नवा.

मला लय राग आला. कुंडी उचलून आपटणार, तेवढ्यात आयनं हात धरला. तांब्यातलं पाणी तिनं मुळाशी घातलं.

"घरात उगवलंय," ती म्हणाली, "त्याला उपाशी कसं ठिवू?"