पुलावरचा निकेश

निकेशच्या वर्षश्राद्धाला आठ दिवस राहिले होते आणि त्याची वर्गमैत्रीण पूर्वी पर्समध्ये एक खोटा फोटो घालून त्याच्या गावी, गव्हाणला निघाली होती. जर्मनीहून सुट्टीवर पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या घरी येऊन तिला पाच दिवस झाले होते. पाचही दिवस तिने आज जाते, उद्या जाते करत घालवले. आईच्या हातचं पोटभर खाल्लं, दुपारी ताणून दिली, मैत्रिणींना भेटून आली. गव्हाण काही जर्मनीइतकं लांब नाही, रिक्षात बसलं की पोचलंच. पण जिथे तोंड दाखवायची भीती वाटते, तिथे जायला माणसाला वेळ कुठे असतो? शेवटी काशिरामकाकांचाच फोन आला, "बाय, फोटू आनलास ना?" मग तिला पळवाट उरली नाही.

निकेश हा काशिराम आणि शकूचा एकुलता एक मुलगा. ड्रेस्डेनला पूर्वीच्याच वर्गात शिकायचा. शनिवार-रविवारी एका गोदामात पार्सलं भरायचं काम दोघं आळीपाळीने करायची. पनवेलमध्ये असते तर त्यांनी एकमेकांकडे ढुंकून पाहिलं नसतं. तिकडे मात्र दोघांचं घर एकाच तालुक्यात एवढं नातं पुरलं.

गेल्या जानेवारीत मोहसीन आणि आणखी एका मित्राला घेऊन चौघांनी दोन दिवस प्रागला जायचं ठरवलं. काशिरामकाकांनीच फोनवरून निकेशच्या मागे टुमणं लावलं होतं, "नुस्ता काम काम करतंस. दोन दिस जग बग जरा." आदल्या दिवशी कळलं की गोदामात त्या शनिवार-रविवारी पूर्वीची पाळी आहे आणि दोघांपैकी एकाला तरी जावंच लागणार. ती रडायला लागली. खरं सांगायचं तर त्या रडण्यात थोडं नाटक होतं, कारण निकेश लगेच विरघळतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो विरघळलाच. "तू जा. मी करतो तुझी पाळी. फक्त माझ्या घरी बोलू नको, बाबा चिडतील."

पूर्वी गेली. शनिवारी तिथल्या जुन्या पुलावर उभी राहून तिने त्याला फोन केला, ओळीने उभे पुतळे, नदी, हातगाडीवरची साखर लावलेली गरम बिस्किटं, सगळं अगदी चवीने सांगितलं. रविवारी संध्याकाळी गोदामातून परत येताना बर्फावर निकेशची सायकल घसरली. मागून ट्रक येत होता.

काकांनी त्या रात्री फोनवर पहिलं विचारलं ते एवढंच, "फिरून आलता ना गो तो?" पूर्वी "हो" म्हणाली. दुसरं काही तोंडातून निघेना. पुढे काकांनी येईल त्याला तेच सांगितलं, पोरगा जग बघून आला आणि मग गेला. आता वर्षश्राद्धाला त्यांना पासपोर्टचा फोटो नको होता, पुलावरचा हवा होता. एवढ्या फोटोंत एक तरी त्याचा असेलच की! मोहसीनने फोनमधल्या अ‍ॅपवर दहा मिनिटांत तो तयार केला. पुलावर उभा, हसणारा निकेश.

गव्हाणच्या घरी काकांनी फोटो दोन्ही हातांत धरला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "हासतंय बग गो," ते शकूला म्हणाले. "नको नको बोलत व्हता. मीच पाठवला." मग त्यांनी स्कूटरला किल्ली लावली आणि फ्रेम करायला पनवेलला निघून गेले.

शकूकाकी इतका वेळ दाराशी बसून सुपात कोळंबीचे सोडे निवडत होत्या. स्कूटरचा आवाज लांब गेल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"त्याला दात कुनी बसवला गो?"

"दात?" पूर्वीने विचारलं.

"पुडचा दात अर्दा तुटलेला त्याचा. करंज्याला, माज्या म्हायेरी, होडीवरनं पडला लानपनी. म्हनून फोटूत तोंड मिटून असायचा. यांना चष्म्यातनं पन दिसत नाय."

पूर्वी काकींसमोर खाली बसली.

"मला तवाच समजलेला," काकी म्हणाल्या. "शनवारी फोन केला त्यानं. नदी हाय, पूल हाय, पुतलं हायत, सगलं बोलला. मंग बोलतो, आई, हितं करंज्याच्या धक्क्यासारका वास येतंय. आगो, गोड्या पान्याला खाडीचा वास येतंय व्हय? घरची आटवन काडत व्हता पोरगा. कुटं गेला नाय तो."

"काकी, ती पाळी माझी होती," पूर्वी म्हणाली. "मी रडले म्हणून तो थांबला. मी गेले. माझ्यामुळे झालं."

काकींनी तिला जवळ घेतलं नाही. माझ्या लेकरा, तुझी काही चूक नाही, असंही म्हणाल्या नाहीत. पूर्वीला वाटलं, आता उठ म्हणतील, चालती हो म्हणतील, आणि म्हटलं तर बरंच होईल.

"यांना बोलू नको," काकी म्हणाल्या. "त्या फोटूवर जगतंय तो मानूस." मग त्यांनी विचारलं, "त्या दिशी जेवला व्हता का गो तो?"

"हो. मी जाताना दोन दिवस पुरेल एवढा डबा करून ठेवला होता. मुगाची खिचडी. त्याच्या बॅगेत डबा मिळाला. रिकामा होता, धुतलेला."

"धुतलेला?"

"स्वच्छ. पुसून झाकण लावलेला."

"हितं कदी येक डबा धुतला नाय त्यानं," काकी म्हणाल्या. "रोज वरडायचे मी." आणि पदर तोंडात कोंबून त्या रडायला लागल्या. पूर्वीही रडली, आणि या वेळी त्यात नाटक नव्हतं.

डोळे पुसून काकींनी सूप पुन्हा पुढे ओढलं. "कुटं हाय तो डबा?"

"माझ्याकडेच. माझा होता म्हणून त्याच्या सामानाबरोबर पाठवला नाही. वापरतही नाही."

"पुडच्या येली येशील तवा मला आन गो," काकी म्हणाल्या. "तसाच आन. परत धुऊ नको."