एकसष्टावी खुर्ची

ऑर्व्हिल स्टँपरने प्रतिनिधिगृहाच्या मागच्या भिंतीला पाठ टेकवली आणि टोपी कोठे ठेवावी हे न कळून ती हातातच धरली. चौदा वर्षे ती एकसष्ट क्रमांकाच्या मेजावर विसावत आली होती. आता तो सिनेटर होता; सिनेटच्या माणसाला येथे उभे राहण्याची मुभा होती, मत देण्याची नव्हे.

“बढती झाली तरी पाय इकडंच वळतात वाटतं, साहेब,” दारावरचा लेस्टर पुटपुटला. “फुकट उभं राहू देतोय, लक्षात असू द्या.”

ऑर्व्हिल हसला, परंतु त्याची दृष्टी मतफलकावरून ढळली नाही.

त्याच्या डोंगराळ मतदारसंघातील एकुलते एक प्रसूतिगृह वाचवणारे विधेयक गतवर्षी या गृहात एका मताने तरले होते आणि सिनेटमध्ये एका मताने बुडाले होते. ते पुन्हा पडल्यास एप्रिलअखेर प्रसूतिगृहाला कुलूप लागणार होते. म्हणूनच, विरोधात मत देणारे वृद्ध सिनेटर जानेवारीत निवर्तले तेव्हा ऑर्व्हिलने त्यांची जागा मागून घेतली. आज सकाळी सिनेटने विधेयक संमत केले, त्याच्याच मताने. आता फक्त या गृहाचे मतदान उरले होते.

त्याच्या रिकाम्या खुर्चीसाठी पक्षाच्या स्थानिक समितीने गव्हर्नरकडे तीन नावे धाडायची होती; त्यांतून एकाला गव्हर्नर नेमणार होते. समितीचा अध्यक्ष ऑर्व्हिलच. दोन नावे केव्हाच ठरली होती. तिसरे प्रसूतिगृहाच्या मुख्य परिचारिकेचे, व्हर्ना कॉडिलचे, असावे हा हट्ट त्याचा. ‘वॉर्डातल्या बायका मोकळ्या होऊ देत, ईस्टरनंतर बघू,’ असे ती म्हणाली होती. यादी न धाडता तो थांबला. मतदानही ईस्टरनंतरच येईल असे तो धरून चालला होता. ते दहा दिवस अलीकडे आले.

फलकावर दिवे उजळले. एकोणपन्नास हिरवे, एकोणपन्नास तांबडे. एकसष्टावर अद्याप त्याचेच नाव होते. त्यापुढे काहीच उजळले नाही. त्याचा अंगठा टोपीच्या कडेवर दाबला गेला, जणू तेथे बटण होते. समसमान मते म्हणजे विधेयक पडले, हे नवख्यांना चौदा वर्षे त्यानेच शिकवले होते.

व्हर्ना प्रेक्षकांच्या सज्ज्यातून खाली आली.

“ती अंधारी खुर्ची कुणाची, शेजारची बाई विचारत होती,” ती म्हणाली.

“यादी मीच अडवली, व्हर्ना.”

“आणि थांब म्हणणारी मी.” तिने कोटाची बटणे एकेक करून लावली. “मे महिन्यात चौघींचे दिवस भरतायत. त्यांना शहरातल्या इस्पितळात कुठल्या रस्त्यानं धाडू?”

सात निवडणुकांत दारोदार हिंडून डोंगरातला एकेक रस्ता त्याच्या पायाखालचा झाला होता.

“नदीकाठचा नको, पाणी चढतं. वरच्या डोंगरधारेनं जायचं. सत्तर मैल.”

“मध्ये एखादा दवाखाना?”

“नाही.”

तिने खिशातून पेन काढले आणि तळहात उघडला.

“वळणं सांग,” ती म्हणाली. “हळू सांग.”