चहाची बिस्किटं आणि नियम क्रमांक अकरा

माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं चहा चाखला. हौसेने नव्हे, पगारासाठी. चहाच्या कंपनीत ते पारखी होते. लांबलचक टेबलावर पन्नास-साठ पेले मांडलेले असायचे. बाबा एकेका पेल्यातून चमचाभर चहा फुर्रकन ओढायचे, जिभेवर घोळवायचे, थुंकायचे आणि शेजारच्या कारकुनाला एकच शब्द सांगायचे. "करपट." "पोकळ." "बोलका." त्या एका शब्दावर शेकडो पोत्यांचं नशीब ठरायचं. घरी आईने केलेल्या चहाबद्दल मात्र त्यांनी जन्मात कधी चकार शब्द काढला नाही. शहाणा माणूस!

आई गेली, आणि पुढच्या दोन वर्षांत बाबांचे हात थरथरायला लागले. आधी सही बिघडली, मग शर्टाची बटणं लागेनात, मग एक दिवस न्हाणीघरात पडले. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात, लोकांचे डोळे तपासत आणि काचा बसवत. दादा दुसऱ्या शहरात. शेवटी बाबाच म्हणाले, "मला कुठेतरी ठेवा, जिथे पडलो तर कुणाला तरी ऐकू जाईल." म्हणून आम्ही त्यांना एका वृद्धनिवासात ठेवलं. जागा स्वच्छ होती, खिडकीतून झाडं दिसायची. माझी काहीच तक्रार नव्हती.

तक्रार बाबांची होती, आणि तीही एकच. तिथे त्यांना चहा मिळायचा तो चोचीच्या पेल्यातून. प्लॅस्टिकचा, दोन कानांचा, झाकणाला चोच असलेला पेला. पहिल्याच दिवशी त्यांनी तो परत सरकवला.

"ठिणगे," ते मला म्हणाले. लहानपणापासून ते मला याच नावाने हाक मारतात, का ते पुढे कळेलच. "मी काय तान्हं बाळ आहे? वास नाकाला लागायच्या आधीच चहा घशात उतरतो. यापेक्षा पाणी प्यालेलं बरं."

आणि खरोखर त्यांनी चहा सोडला. उघड्या कपातून द्यायला तिथले लोक तयार नव्हते, सांडून भाजेल म्हणून. मी पाजते म्हटलं तर बाबा तोंड मिटून घेत. सात महिने त्यांच्या पोटात चहाचा थेंब गेला नाही.

मला ते बघवेना. मग एका सुट्टीच्या दिवशी डोक्यात आलं की चहा पेल्यातून पिता येत नसेल, तर खाता येईल की! बिस्किट मुठीत धरता येतं. हात थरथरला तरी सांडत नाही, भाजत नाही.

पहिल्या खेपेला मी कडक चहा उकळून पिठात ओतला. सगळा गोळा पचपचीत झाला आणि ओव्हनमध्ये पसरून त्याची एकच मोठी भाकरी झाली. दुसऱ्या खेपेला कोरडी चहापत्ती तशीच मळली, तर खाताना दातांखाली वाळू आल्यासारखं वाटलं. तिसऱ्या खेपेला अक्कल आली. लोणी मंद आचेवर वितळवलं, त्यात चहापत्ती, ठेचलेली लवंग आणि दालचिनीचा तुकडा टाकून अर्धा तास झाकून ठेवलं, मग मलमलच्या फडक्यातून पिळून गाळलं. लोण्याचा रंग वीटकरी झाला आणि स्वयंपाकघरात असा वास सुटला की मी गॅससमोर स्टूल ओढून नुसती बसून राहिले. ते लोणी थंड करून साखरेबरोबर फेसलं, अंडं घातलं, मैदा चाळून घातला, वेलची, सुंठ आणि चिमूटभर मिरपूड घातली. लिंबाएवढे गोळे करून साखरेत घोळवले. मुद्दाम जाड ठेवले, बाबांच्या बोटांत नीट बसावेत म्हणून. बारा मिनिटांत वर भेगा पडल्या, कडा लालसर झाल्या. एक खाल्लं. आधी साखर करकरली, मग लोणी, आणि गिळल्यावर मागून चहा आला, अगदी खरा, किंचित तुरट. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

नेमकं त्याच आठवड्यात मला खोकला धरला. खोकणाऱ्या माणसाला निवासात प्रवेश नाही. योग्यच आहे. म्हणून नाका-तोंडाला फडकं बांधून बुधवारी सकाळी दुकानात जाताना मी दारातूनच डबा दिला आणि बाबांसाठी खोकल्याचा निरोप ठेवला. पत्र्याचा, गोल, चोवीस बिस्किटांचा. झाकणावर चिठ्ठी चिकटवली. बाबांचं नाव, खोली क्रमांक, आणि आतल्या प्रत्येक जिनसाची यादी. चष्म्याच्या दुकानात काम करून सवयच लागते, लेबल नसेल तर चुकीची काच चुकीच्या नाकावर जाते.

संध्याकाळी फोन केला. स्वागतकक्षातल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "हो, डबा पोचला! आजोबा एकदम खूश आहेत."

बाबांशी फोनवर बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. त्यांना फोनवरचं ऐकू येत नाही, आणि फोन कानाशी धरवतही नाही. मी विश्वास ठेवला. पुढच्या बुधवारी दुसरा डबा दिला. पुन्हा तेच, "पोचला हं, पोचला." त्या दोन संध्याकाळी मी घरी खोकत बसले होते, आणि मनातल्या मनात बाबांच्या तोंडून एकेक शब्द ऐकत होते. करपट म्हणतील? पोकळ म्हणतील? की काहीच म्हणणार नाहीत, आईच्या चहासारखं?

दोन आठवड्यांनी खोकला गेला आणि रविवारी मी तिसरा डबा घेऊन हजर झाले. स्वागतकक्षातल्या बाई मला पाहून चक्क उठून उभ्या राहिल्या.

"अहो, ती बिस्किटं तुम्हीच करता ना? काय झालीत हो! आम्हा सगळ्यांना इतकी आवडली. मला रेसिपी द्याच!"

मी भोळी. मला वाटलं, बाबांनी वाटली असतील. त्यांचा स्वभावच तसा. मी हसून म्हटलं, "देते की," आणि आत गेले.

बाबा खिडकीशी बसले होते. माझ्याकडे वळून बघितलं नाही.

"आलीस," ते म्हणाले. "बरी आहेस ना?"

"बरी आहे. तुम्ही सांगा, बिस्किटं कशी होती?"

"कसली बिस्किटं?"

"दोन डबे पाठवले होते बाबा. चहाची."

आता कुठे त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, "मला वाटलं, तू मला विसरलीस. खोकल्यात माणूस विसरतो. म्हटलं, आपण कशाला बोलायचं?"

मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. बिस्किटं गेली त्याचं एवढं नव्हतं. या माणसाने दोन आठवडे खिडकीशी बसून मला माफ करून टाकलं होतं, मी न केलेल्या गुन्ह्यासाठी! डोक्यात सणक गेली. मी तडक व्यवस्थापिकाबाईंच्या खोलीत शिरले.

त्यांनी मला खुर्ची दिली. मी बसले नाही.

"आमच्या वडिलांचे दोन डबे कुठे गेले?"

"हं, ते," त्या फाइल मिटत म्हणाल्या. "काय आहे, घरचे पदार्थ रहिवाशांना देता येत नाहीत. नियम आहे. ते आम्ही नष्ट करतो."

"नष्ट? कुठे, पोटात?"

"आवाज चढवू नका."

"अजून चढवलाच नाहीये. तुमच्या स्वागतकक्षात मला रेसिपी मागितली आत्ता. नष्ट केलेल्या पदार्थाची रेसिपी कोण मागतं?"

त्यांचा चेहरा थोडा उतरला. "टाकून देण्यापेक्षा कर्मचाऱ्यांनी घेतली असतील एखादी. अन्न वाया घालवू नये, नाही का?"

"मग फोनवर मला आजोबा खूश आहेत म्हणून का सांगितलं?"

"नातेवाइकांना वाईट वाटू नये म्हणून सांगतात कधी कधी."

म्हणजे बघा! अन्न वाया जाऊ नये म्हणून खाल्लं, आणि मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलल्या. दया-क्षमेचा नुसता महापूर! मी म्हटलं, "तो नियम मला दाखवा. लिहिलेला."

त्यांना वाटलं असेल, बाई दटावली की गप्प बसेल. कपाटातून आठ पानांचं पत्रक काढून त्यांनी समोर टाकलं. बारीक अक्षर. पण बारीक अक्षर हा माझा रोजचा धंदा आहे. पान पाच, नियम क्रमांक अकरा. घरी शिजवलेलं ओलं अन्न चालणार नाही. आणि त्याच्याच खाली, त्याच नियमात, कोरडे पदार्थ बंद डब्यात आणि घटकांच्या लेखी यादीसह दिल्यास परिचारिकेला दाखवून रहिवाशाला द्यावेत.

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा. मग तिसरा डबा टेबलावर ठेवला, यादी त्यांच्याकडे करून.

"यात यादी नाही असं सांगा मला."

त्यांनी डबा परत माझ्या हातात दिला. एवढंच म्हणाल्या, "मी चौकशी करते."

जाताना मी कर्मचाऱ्यांच्या खोलीत डोकावले. माझे दोन्ही डबे होते. एकात साखर भरली होती, दुसऱ्यात टाचण्या आणि रबरबँड. चिठ्ठ्या तशाच चिकटलेल्या, बाबांच्या नावासकट. मी साखर त्यांच्या बरणीत ओतली, टाचण्या टेबलावर रिकाम्या केल्या आणि डबे काखोटीला मारले.

बाहेर येऊन दादाला फोन लावला. म्हटलं, निदान तो तरी चिडेल.

"अगं, दोन डबे बिस्किटांसाठी एवढा तमाशा?" तो म्हणाला. "तू भांडून घरी जाणार. बाबा तिथेच राहणार आहेत. उद्या त्यांच्यावर राग काढला तर?"

हे मात्र मला टोचलं. खोटं नव्हतं ते. पायऱ्यांवर उभी राहून मी पाच मिनिटं विचार करत राहिले की आत जाऊन माफी मागावी की काय. मीच! तो विचार मनात आला याचाच मला पुन्हा इतका संताप आला की मी उलट्या पावली बाबांच्या खोलीत गेले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. दादाचं म्हणणंसुद्धा.

बाबा ऐकत राहिले. मग सरळ होऊन बसले. कितीतरी महिन्यांत मी त्यांना असं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं.

"ठिणगे, तुझ्या दादाला सांग, मी अजून जिवंत आहे. माझ्यावर राग काढायचा तर समोर येऊन काढा. आणि मला त्या मोठ्या खोलीत ने."

चारची वेळ होती. जेवणाच्या मोठ्या खोलीत पंचवीसेक म्हातारी माणसं चोचीचे पेले घेऊन बसली होती. मी परिचारिकेला डबा आणि यादी दाखवली. तिने वाचली आणि मान डोलावली. मी बाबांच्या मुठीत एक बिस्किट दिलं. हात थरथरला, साखर मांडीवर सांडली, पण बिस्किट तोंडापर्यंत पोचलं. बाबांनी डोळे मिटले. जिभेवर घोळवलं. मी श्वास रोखून बघत होते.

"वेलची जास्त," ते म्हणाले.

"बाबा!"

"जास्त आहे ती आहे. चहाला दाबते. पण चहा चांगला आहे. बोलका आहे."

शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी हात पुढे केला, मग त्यांच्या पलीकडच्यांनी. डबा टेबलावरून फिरू लागला. तेवढ्यात स्वागतकक्षातल्या बाई दारातून आत आल्या, आम्हाला पाहून परत फिरणार होत्या.

"त्यांना द्यायचं नाही," मी म्हटलं.

"दे," बाबा म्हणाले. "इकडे बोलाव. माझ्यासमोर खाऊ दे."

त्या आल्या. नाही कसं म्हणणार, पंचवीस माणसं बघत होती. बाबांनी स्वतःच्या हाताने बिस्किट पुढे केलं. ते हवेत थरथरत राहिलं, शेवटी बाईंनी ते घेतलं.

"खा," बाबा म्हणाले. "आणि चव सांग. तू दोन आठवडे खाते आहेस. मी आज पहिलंच खाल्लं. तुला जास्त कळणार."

त्यांनी एक घास घेतला. तो गिळवेना. डोळे भरून आले. "आजोबा, चुकलं माझं," त्या कशाबशा म्हणाल्या.

"बिस्किटांचं सोड. खोटं का बोललीस?"

त्यांनी डोळे पुसले. बाबांनी पुन्हा विचारलं नाही. हात झटकून "जा" म्हणाले. मला त्या बाईची क्षणभर दया आली, हे कबूल करते. पण क्षणभरच.

व्यवस्थापिकाबाईंची मात्र मुळीच दया आली नाही. त्यांची चौकशी अजून चालूच आहे म्हणे. मी संस्थेच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. तारखा, वेळा, फोनवर कोण काय म्हणालं, नियम क्रमांक अकरा, सगळं घातलं. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. आपल्या आपुलकीबद्दल आभार."

सूचना? आपुलकी? मी तक्रार केली होती!

डबा आता रोज बाबांच्या उशाशी असतो, आणि परिचारिका स्वतः उघडून देते. दादा म्हणतो, मिळतंय ना आता, मग झालं की. मी कमी वेलचीचा नवा घाणा ओव्हनमध्ये सरकवला आहे आणि जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले आहे. दुसऱ्या पत्राची पहिली ओळ लिहून झाली. "महोदय, आपण माझं पत्र बहुधा चष्मा न लावता वाचलंत."